म्युच्युअल घटस्फोट करायचाय : सही करण्याआधी काय काय लिहून घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे : मी ३४ वर्षांची, खराडीत आयटी कंपनीत नोकरी. नवरा हिंजवडीत. मुलगी सहा वर्षांची. गेले चौदा महिने मी मुलीला घेऊन कर्वेनगरला माहेरी आहे. वाकडचा फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जाचे हप्ते चालू. लग्नातले दागिने सासूबाईंच्या लॉकरमध्ये. दोघांनाही कोर्टात भांडायचं नाही, म्युच्युअल करायचंय. एका ओळखीच्यांनी सांगितलं की वकील कशाला, स्टँपपेपरवर लिहून नोटरी करा, झालं. मी कमावते, तर पोटगी मागावी का? मुलीचं काय? आणि घटस्फोट झाल्यावर काय काय बदलावं लागतं, शाळेलाही सांगावं लागतं का?

उत्तर :

आधी ते स्टँपपेपरचं निकालात काढू. शंभराचा घ्या, पाचशेचा घ्या, नोटरीचा लाल शिक्का मारा, खाली चार साक्षीदारांच्या सह्या घ्या, त्यानं हिंदू विवाह मोडत नाही. काही समाजांत काडीमोडाची जुनी रूढी आहे आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ नं ती मानलीही आहे. पण अशी रूढी आपल्या समाजात खरोखर चालत आलेली आहे हे कोर्टात पुराव्यानं सिद्ध करावं लागतं, आणि ते भल्याभल्यांना जमत नाही. नोटरीच्या कागदावर विसंबून दुसरं लग्न केलेली माणसं माझ्यासमोर बसलेली आहेत. त्यांचं दुसरं लग्न कायद्यानं शून्य ठरतं, वर पहिली पत्नी किंवा पहिला नवरा फौजदारी तक्रार करू शकतो तो वेगळाच. ओळखीच्यांना चहा पाजा, सल्ला घेऊ नका.

वकिलाबद्दल मात्र ते अर्धे बरोबर आहेत. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चा, त्याच्या कलम १३ प्रमाणे तिथे वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही. न्यायालयाच्या परवानगीनं वकील उभा राहतो. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात नवरा-बायको दोघंच येऊन आपलं म्युच्युअल पार पाडतात, हे मी पाहिलेलं आहे. न्यायाधीशांसमोर उभं राहायला वकील नसला तरी फारसं बिघडत नाही. पण त्याआधी दोघांत काय काय ठरलं ते लिहिलेले जे चार-सहा कागद टाइप होतात, ज्याला आम्ही कन्सेंट टर्म्स म्हणतो, ते कुणीतरी जाणत्यानं लिहिले पाहिजेत. फीचा प्रश्न असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तुमचा पगार कितीही असो, हा हक्क तुम्हाला आहेच.

प्रक्रिया फार अवघड नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली अर्ज करायला किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. तुमचे चौदा महिने झालेत, ती अट पूर्ण आहे. तुम्ही कर्वेनगरला राहता, म्हणून पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात दाखल करता येईल. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिने थांबायचं, मध्ये समुपदेशकांकडे जायचं, मग दोघांनी पुन्हा न्यायालयासमोर येऊन ‘अजूनही आमची संमती आहे’ म्हणायचं, की घटस्फोटाचा हुकूमनामा. दाखल केल्यापासून अठरा महिन्यांच्या आत ही दुसरी हजेरी व्हायला हवी. सहा महिने माफ होऊ शकतात, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात तसं म्हटलं आहे. पण त्यात पहिली गोष्ट ही पाहिली जाते की अर्ज दाखल करण्याआधीच एक वर्ष अधिक सहा महिने, म्हणजे दीड वर्ष वेगळं राहून झालंय का; शिवाय पोटगी, मूल, मालमत्ता सगळं खरोखर मिटलंय का. आज दाखल केलंत तर सहा महिने थांबायची तयारी ठेवा. आणखी चार महिन्यांनी दाखल केलंत तर माफीचा अर्ज करायला जागा आहे. दोन्ही हिशेब जवळजवळ सारखेच पडतात. माझा सल्ला विचाराल तर हे चार महिने कन्सेंट टर्म्स नीट लिहिण्यात घालवा. ‘लवकर मोकळं व्हायचंय’ म्हणून एका आठवड्यात लिहिलेल्या टर्म्स पुढे दहा वर्षं त्रास देतात, आणि त्यातल्या काही मी स्वतः लिहिलेल्या आहेत.

त्यातली एक सांगते. वकिलीला जेमतेम चार वर्षं झाली होती. कोथरूडचं जोडपं, आठ वर्षांचा मुलगा, दोघंही समजूतदार. मी मोठ्या झोकात लिहिलं : ‘दिवाळीच्या सुट्टीतील अर्धे दिवस मुलगा वडिलांकडे राहील.’ पहिल्याच दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी साडेसहाला मला फोन. वडील सोसायटीच्या फाटकाबाहेर गाडीत, मागच्या सीटवर नवा आकाशकंदील आणि मुलाचा कुर्ता. आई वर म्हणते, सुट्टी एकवीस दिवसांची, अर्धी म्हणजे साडेदहा, पहिले साडेदहा माझे. वडील म्हणतात, अर्धी दिवाळी म्हणजे दिवाळीचे सण अर्धे, शाळेची सुट्टी नव्हे. दोघंही मला विचारतायत, तुम्ही काय लिहिलं होतं? मी लिहिलं होतं ‘अर्धे दिवस’, आणि त्याचा अर्थ मलाही सांगता येईना. तो पोरगा त्या दिवशी कुठल्याच पूजेला बसला नाही.

तेव्हापासून मी सण नावानं लिहिते. विषम वर्षी वसुबारसेपासून नरक चतुर्दशीपर्यंत आईकडे, लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत वडिलांकडे. सम वर्षी उलट. गणपती वडिलांच्या गावी असतील तर प्रतिष्ठेच्या आदल्या संध्याकाळपासून दीड दिवस की पाच दिवस, ते आकड्यात. मे महिन्याची सुट्टी शाळा बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायची, की ठरावीक तारखांनी? वाढदिवस? मूल घ्यायला कोण येणार, किती वाजता, सोसायटीच्या दारात की आजीच्या घरी? उशीर झाला तर फोन कोणी करायचा? हे वाचताना हसू येईल. पण मुलांच्या भेटीवरून जे अर्ज परत कोर्टात येतात, ते बहुतेक ‘दर शनिवारी-रविवारी’ अशा गोल वाक्यांवरूनच येतात. शनिवारी सकाळी दहा ते रविवारी संध्याकाळी सहा, महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार, असं लिहिलं की वादाला जागाच कमी उरते.

ताबा कुणाकडे, याबद्दल तुमच्यात वाद दिसत नाही, तरी कायदा माहीत असू द्या. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंतचं मूल साधारणपणे आईकडे राहतं. तुमची मुलगी ते वय ओलांडून गेली. म्हणजे आता ‘आई आहे म्हणून’ एवढं पुरत नाही. मुलीचं हित कशात, हे न्यायालय बघतं. शाळा कुठे आहे, दुपारी घरी कोण असतं, आजारपणात कोण सुट्टी घेतं. चौदा महिने ती तुमच्याकडे आहे, कर्वेनगरला आजी-आजोबा आहेत, ही तुमची भक्कम बाजू. पण तिला बाबांना भेटू दिलं नाही असं चित्र उभं राहिलं, तर तीच बाजू कच्ची पडते. आणि ताब्याचा हुकूम कधीच कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली तो बदलून मागता येतो, तुम्हालाही आणि त्यांनाही.

तुम्ही दोघंही आयटीत, म्हणून एक गोष्ट आताच लिहून ठेवा. उद्या तुमची बदली बेंगळुरूला झाली, किंवा कंपनीनं दोन वर्षांसाठी बाहेर पाठवलं, तर मुलगी कुठे? किती दिवस आधी कळवायचं? तिचा पासपोर्ट कुणाकडे राहणार? अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टला आई-वडील दोघांची संमती लागते. ती नसेल तर एकट्या पालकाला प्रतिज्ञापत्र आणि न्यायालयाचे आदेश जोडून खटपट करावी लागते. ‘पासपोर्ट काढण्यास व नूतनीकरणास वडिलांची संमती आहे’ हे एक वाक्य टर्म्समध्ये असलं की ती खटपट बरीच वाचते. परदेशी सहलीसाठी आणि परदेशी स्थायिक होण्यासाठी वेगवेगळी वाक्यं घाला. सहलीला दिलेली संमती स्थलांतराला दिली असं कुणी म्हणायला नको.

आता फ्लॅट. माझ्या मते तुमच्या प्रकरणात सगळ्यात जास्त डोकं इथेच लावायला हवं, आणि लोक नेमकं इथेच सर्वांत कमी लावतात.

बँकेला तुमचा घटस्फोट माहीत नसतो आणि माहीत झाला तरी तिला त्याचं काही नसतं. कर्जाच्या करारावर दोघांच्या सह्या आहेत, म्हणजे पूर्ण कर्जाला दोघंही स्वतंत्रपणे बांधलेले आहात. कन्सेंट टर्म्समध्ये ‘यापुढील हप्ते पती भरेल’ असं लिहिलं तर ते तुम्हा दोघांपुरतं बंधनकारक; बँकेला नाही. माझ्याकडे आलेल्या एका बाईंच्या टर्म्समध्ये हेच वाक्य होतं. दोन वर्षांनी नवऱ्याची नोकरी गेली, चार हप्ते थकले, आणि या बाई स्वतःच्या नव्या घरासाठी कर्ज मागायला गेल्या तेव्हा त्यांना कळलं की आपला क्रेडिट स्कोअर जमिनीवर आलाय. घर नवऱ्याकडे, हप्ता नवऱ्याचा, डाग मात्र यांच्या नावावर. म्हणून फ्लॅट जो ठेवणार त्यानं कर्ज एकट्याच्या नावावर करून घ्यायचं, बँकेकडून दुसऱ्याचं नाव सहकर्जदार म्हणून काढल्याचं पत्र आणायचं, आणि हे सगळं दुसऱ्या हजेरीच्या आधी. एकट्याच्या पगाराच्या जोरावर तेवढं कर्ज झेपत नाही असं बँक म्हणाली तर फ्लॅट विकून कर्ज फेडणं हाच स्वच्छ मार्ग. भावनेनं घर धरून ठेवू नका. वाकडला दुसरं घर मिळेल.

हिस्सा कसा सोडायचा, यातही वेळ महत्त्वाची आहे. महाराष्ट्रात नवरा-बायकोत राहत्या घराचं बक्षीसपत्र केलं तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये लागतं, स्थानिक अधिभार वेगळे. ही सवलत नवरा-बायकोला आहे. हुकूमनामा झाला की तुम्ही नवरा-बायको उरत नाही, आणि मग तोच हिस्सा नेहमीच्या दरानं, बाजारभावावर शुल्क भरून घ्यावा लागू शकतो. पुण्यात ही रक्कम लाखांत जाते. अर्थात बक्षीसपत्र म्हणजे बिनमोबदला; तुम्ही त्यांना हिश्श्याचे पैसे देणार असाल तर तो व्यवहार बक्षीस राहत नाही, त्याचा दस्त वेगळा. कर्ज चालू असल्यानं बँकेचं ना-हरकत पत्र आधी घ्यावं लागेल. आणि उलट बाजूची काळजीही तितकीच : बक्षीसपत्र करून द्यायचं आणि मग समोरचा दुसऱ्या हजेरीला आलाच नाही तर? म्हणून मी दस्ताची नोंदणी, उरलेल्या पैशाचा डिमांड ड्राफ्ट आणि दुसरी हजेरी ही तिन्ही एकाच आठवड्यात लावते. नोंदणी झाल्यावर सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरचं नाव, एमएसईबीचं बिल, मिळकतकर हेही बदलायचं असतं. ‘टर्म्समध्ये लिहिलंय की’ एवढ्यावर सोसायटीचा सेक्रेटरी नाव बदलत नाही.

दागिने. कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. लग्नाआधी, लग्नात आणि नंतर तुम्हाला माहेरहून, सासरहून, नातेवाइकांकडून जे मिळालं ते तुमचं स्त्रीधन. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये प्रतिभा राणी प्रकरणात सांगितलं की नवरा किंवा सासरचे ते फक्त सांभाळायला ठेवतात, मालक होत नाहीत. सासूबाईंच्या लॉकरमध्ये असलं म्हणून ते सासूबाईंचं होत नाही. अडचण असते ती काय दिलं होतं हे दाखवण्याची. माहेरी गाडगीळांपासून कोपऱ्यावरच्या सोनारापर्यंत ज्याच्याकडून घेतलं त्याची बिलं शोधा. अनेक आया ती देवघराच्या खणात जपून ठेवतात. बिल नसेल तर लग्नाचा अल्बम.

माझ्या ऑफिसात एकदा असा अल्बम टेबलावर उघडा होता. सासूबाई म्हणत होत्या, ‘ठुशी माझी, हिला फक्त मांडवात घालायला दिली होती.’ मुलीची आई म्हणत होती, ‘आम्ही केली.’ सप्तपदीच्या फोटोत ठुशी नवरीच्या गळ्यात, इथवर दोघी खऱ्या. मग माझ्या ज्युनिअरनं साखरपुड्याचा फोटो काढला. त्यात तीच ठुशी सासूबाईंच्या गळ्यात होती, मागचा गोंडा तोच, जरा विटलेला. मुलीच्या आईनं दोन मिनिटं फोटो जवळ धरून पाहिला आणि म्हणाली, ‘त्यांची आहे.’ त्यानंतर उरलेली यादी वीस मिनिटांत झाली. पाटल्या दोन, बांगड्या चार, तोडे एक जोड, मोहनमाळ, सगळ्यांची वजनं सोनाराच्या काट्यावर करून. यादी अशी बनवा : दागिना, वजन, कुणी दिला, आता कुठे आहे. आणि टर्म्समध्ये ‘सर्व स्त्रीधन मिळाले’ हे वाक्य दागिने हातात आल्याशिवाय लिहू देऊ नका. पुष्कळ जणी आधी सही करतात आणि मग लॉकरची किल्ली सापडत नाही. तुम्ही दिलेल्या वस्तूही परत करायच्या असतील तर त्याही त्याच यादीत. नवऱ्याला दिलेली अंगठी आणि चेन माहेरच्यांना फार बोचत असते, ते एकदा मिटलेलं बरं.

पोटगीचं विचारलंत. कमावत्या बाईला पोटगी मिळतच नाही, हे खरं नाही. मिळतेच, हेही नाही. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२० मध्ये रजनीश विरुद्ध नेहा या निकालात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असं ठरवून दिलं, आणि पत्नी कमावते एवढ्यावरून तिचा हक्क संपत नाही असंही म्हटलं. ‘नवऱ्याच्या पगाराच्या पंचवीस टक्के’ हा आकडा तुम्ही ऐकला असेल. काही निकालांत तो आला आहे, पण तो कायद्यातला दर नाही. तुमचे दोघांचे पगार जवळपास सारखे असतील तर मी तुमच्यासाठी पोटगीवर हटून बसणार नाही. तो जोर मुलीसाठी वापरा. नवऱ्यानंही पोटगी मागण्याची सोय हिंदू विवाह कायद्यात आहे, तेव्हा टर्म्समध्ये दोघांनी एकमेकांवरचा हक्क सोडल्याचं लिहा, एकतर्फी नको.

मुलीचा खर्च मात्र वेगळ्या रकान्यात. तो तिचा हक्क आहे; तुम्ही मोठेपणानं ‘मला काही नको’ म्हणालात तरी तिच्या वतीनं तो सोडून देऊ शकत नाही, आणि असं लिहिलं असलं तरी पुढे तिच्यासाठी मागता येतं. आई-वडील दोघांवरही ही जबाबदारी आहे. ‘दरमहा इतके हजार’ एवढंच लिहू नका. आज सहा वर्षांची आहे, पंधराव्या वर्षी त्या रकमेत क्लासची फी निघणार नाही. दरवर्षी किती टक्के वाढ, शाळेची फी आणि बस कोण भरणार, अकरावी-बारावी आणि पुढच्या शिक्षणाचा खर्च कशा प्रमाणात, दाताला तारा लावायच्या झाल्या तर? पैसे महिन्याच्या कितव्या तारखेला, कोणत्या खात्यात? रोख अजिबात नको. थकले तर वसुलीला बँकेचा उताराच उपयोगी पडतो. फौजदारी प्रक्रियेतल्या जुन्या कलम १२५ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नं घेतली आहे, त्याखाली थकलेल्या रकमेसाठी तुरुंगवासापर्यंत मजल जाते. मात्र त्या कलमाखालच्या वसुलीचा अर्ज रक्कम थकल्यापासून वर्षभरात करावा लागतो. ‘देतील हो’ म्हणत तीन वर्षं गप्प बसणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. एकरकमी आणि दरमहा मिळणाऱ्या पोटगीला इन्कम टॅक्स वेगवेगळा लागतो, तेव्हा रक्कम ठरवण्याआधी सीएला एक फोन करा.

एक गोष्ट नवऱ्याच्या कंपनीच्या मेडिक्लेमची. तुम्ही त्यात असाल तर घटस्फोटानंतर बाहेर पडाल, मुलगी राहू शकते. तुमच्या कंपनीचा असेलच. तरी नोकरी सुटली तर काय, याचा विचार करून स्वतःची वेगळी पॉलिसी आत्ताच सुरू करा. आधीच्या आजारांसाठी थांबण्याचा काळ असतो, तो लवकर सुरू झालेला बरा.

तुम्ही पोलीस तक्रार किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज केल्याचं लिहिलेलं नाही, म्हणून त्यावर थोडक्यात. हिंसाचार कायद्याखालचा अर्ज मागे घेता येतो. पण छळाचा गुन्हा, म्हणजे जुनं ४९८-अ आणि आताचं भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, एकदा दाखल झाला की ‘आमचं मिटलं’ म्हणून पोलीस ठाण्यात मागे घेता येत नाही. तो रद्द करायला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागतं. तसं काही असेल तर त्याची तारीख आणि खर्च टर्म्समध्ये हवा.

आणि नवरा संमतीवरून मागे फिरला तर? संमती ही हुकूमनामा होईपर्यंत टिकावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच सुरेष्टा देवी प्रकरणात सांगून ठेवलंय. सहाव्या महिन्यात कुणीही ‘माझी संमती नाही’ म्हणू शकतं. मग राहतो वादाचा घटस्फोट, क्रूरता किंवा त्याग सिद्ध करण्याचा, आणि तो वर्षानुवर्षं चालतो. ‘संसार आता सांधणं अशक्य’ हे एकटं कारण आपल्या कायद्यात अजून नाही. सर्वोच्च न्यायालय घटनेच्या कलम १४२ खाली त्या कारणावर विवाह संपवू शकतं, असं घटनापीठानं मे २०२३ मध्ये शिल्पा शैलेश प्रकरणात म्हटलं, पण तो अधिकार शिवाजीनगरच्या न्यायालयाला नाही. म्हणून पैसे आणि दस्त टप्प्यांत : काही अर्ज दाखल करताना, काही दुसऱ्या हजेरीला. सगळं आधीच देऊन मोकळं झालं की मागे फिरणाऱ्याला काही गमवावं लागत नाही.

हुकूमनाम्यानंतर. प्रमाणित नकला किमान तीन काढा, आणि आठवड्यात काढा. वर्षभरानं अर्ज केला तर जुनी फाइल शोधण्यात दिवस जातात. पीएफ, ग्रॅच्युइटी, बँक खाती, डीमॅट, विमा, सगळीकडचं नामनिर्देशन बदला. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे खरं असलं तरी जुनं नाव राहिलं तर तुमच्या आईला आणि मुलीला दारोदार फिरावं लागेल. मृत्युपत्र करा. लोकांना हे अशुभ वाटतं, पण चौतिसाव्या वर्षी तुमच्यामागे एक अज्ञान मूल आहे. तुम्हाला काही झालं तर तिच्या पैशाची व्यवस्था कोण बघणार, हे लिहिलेलं हवं. मुलगी वडिलांची वारस राहतेच, घटस्फोट तुमचा झाला आहे, तिचा नाही. नाव माहेरचं करायचं की तेच ठेवायचं, ही तुमची मर्जी. मुलीच्या शाळेसाठी किंवा तुमच्या नोकरीतल्या नावासाठी काही जणी सासरचं आडनाव ठेवतात, कायद्याची आडकाठी नाही. बदलायचंच असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून मग आधार, पॅन, बँक या क्रमानं जा.

दुसरं लग्न तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या मावश्या विचारतील. वादातून मिळालेल्या हुकूमनाम्यानंतर अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं, ती हिंदू विवाह कायद्यात ९० दिवस आहे. संमतीच्या हुकूमनाम्यावर कौटुंबिक न्यायालय कायद्याखाली अपील नाही, तरी प्रमाणित नक्कल हातात येईपर्यंत मांडव घालू नका.

राहिला शाळेचा प्रश्न. हो, सांगा, पण वर्गशिक्षिकेला व्हॉट्सॲपवर नको. मुख्याध्यापकांना दोन ओळींचं पत्र द्या : मुलीचा ताबा आईकडे, वडिलांना भेटीचा आणि प्रगतिपुस्तक बघण्याचा अधिकार आहे, शाळेतून मुलीला नेण्याची परवानगी या या व्यक्तींना. सोबत हुकूमनाम्यातला फक्त ताब्याचा परिच्छेद जोडा. पूर्ण हुकूमनामा देऊ नका. पोटगीचा आकडा आणि फ्लॅटची किंमत शाळेच्या ऑफिसातल्या फाइलमध्ये असण्याचं काही कारण नाही. आणि ते पत्र नवऱ्याला आधी दाखवा. त्याची सही खाली आली तर फाटकावरचा वॉचमन गोंधळणार नाही, आणि एखाद्या गुरुवारी तुमची मीटिंग लांबली तर तो जाऊन तिला घेऊन येऊ शकेल.